दोरी उचलते की रोखते? केबलवरचा आणि लिम्बवरचा ड्रॉप-अवे रेस्ट: निवड आणि ट्यूनिंग

कंपाउंड धनुष्यात टोकांना कॅम नावाची चाकं आणि त्यांना जोडणाऱ्या केबल असतात. त्यावर बाण टेकवण्याचा आधार म्हणजे रेस्ट, आणि बाण सुटताना खाली पडणारा तो ड्रॉप-अवे. या रेस्टकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. बाण स्ट्रिंगवर आहे तोवर त्याला खालून आधार दे, आणि व्हेन (बाणाच्या मागची पिसं) येऊन पोचायच्या आत खाली पडून वाट मोकळी कर. या दोन्हींच्या मधे वेळ किती मिळतो ते आधी आकड्यांत पाहू, कारण निवड त्यावरच ठरते.

समजा ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या स्ट्रिंगपासून ग्रिपच्या (मुठीच्या) सर्वांत खोल भागापर्यंतचं अंतर, १६५ मिमी आहे. व्हेन ५१ मिमी म्हणजे २ इंच लांब, आणि तिची मागची कड नॉकच्या (स्ट्रिंगवर बसणाऱ्या बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून २५ मिमीवर. म्हणजे व्हेनचं पुढचं टोक स्ट्रिंगच्या ७६ मिमी पुढे आलं. लाँचर, म्हणजे रेस्टचा बाणाखालचा वरखाली होणारा भाग, ग्रिपच्या सर्वांत खोल भागापासून २० मिमी मागे बसलेला आहे असं धरा. स्ट्रिंग ब्रेसला परत येते आणि बाण तिच्यावरून सुटतो, त्या क्षणी व्हेन लाँचरपासून फक्त ६९ मिमी लांब असते. बाणाचा वेग सेकंदाला ८५ मीटर असेल, तर हे अंतर ०.८ मिलिसेकंदात संपतं.

एवढ्या वेळात कुठलाही लाँचर वरून खाली येऊ शकत नाही. म्हणून बाण स्ट्रिंगवर असतानाच रेस्टला पडायला सुरुवात करावी लागते. रिलीजपासून बाण सुटेपर्यंतचा सगळा प्रवास साधारण १० ते १५ मिलिसेकंदांचा. त्यातला किती वेळ आधाराला द्यायचा आणि किती पडायला, याची वाटणी म्हणजेच टायमिंग. केबलवर चालणारा रेस्ट आणि लिम्बवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) चालणारा रेस्ट ही वाटणी वेगवेगळी करतात. मायक्रो-अॅडजस्टचे (रेस्ट बारीक सरकवण्याचे) स्क्रू, रंग, लाँचरवरचं रबर हे सगळं त्यानंतर.

आधी एक प्रश्न: ड्रॉप-अवेच हवा का?

स्थिर अंतरावर, सपाट मैदानात, टार्गेटवरच नेम धरणाऱ्यांसाठी ब्लेड रेस्ट आजही उत्तम आहे. स्प्रिंग स्टीलची पातळ जीभ, साधारण ०.२ ते ०.३ मिमी जाडीची. हलणारा भाग नाही, दोरी नाही, टायमिंग नाही. अडचण एवढीच की बाण त्यावर नुसता टेकलेला असतो. वाऱ्यात किंवा घाईत तो घसरतो, आणि व्हेनची दिशा नीट लावली नाही तर खालची व्हेन जिभेला घासते. ब्रशचा गोल रेस्ट बाणाला चहूबाजूंनी धरतो, नवशिक्याला सोपा जातो, पण प्रत्येक व्हेन त्या केसांतून घासत जाते. व्हेन लवकर झिजतात आणि थोडा वेगही जातो.

उंच किंवा पीळ देऊन चिकटवलेल्या व्हेन, चढउताराचं मैदान, बाण चढवून चालणं, यांतलं काही तुमच्या वाट्याला येत असेल तर ड्रॉप-अवेला पर्याय नाही. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांत कंपाउंडसाठी तो चालतो. तो इलेक्ट्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक नसावा आणि बाणाला टेकणारा बिंदू ग्रिपच्या खोल भागापासून ६ सेंटीमीटरपेक्षा मागे नसावा, एवढ्या अटी आहेत.

दोरीचं काम उलटं आहे

केबलच्या रेस्टमध्ये स्प्रिंग लाँचरला खाली ढकलत असते. ओढताना एक केबल खाली सरकते, तिला बांधलेली दोरी ताणली जाते आणि लाँचर वर येतो. म्हणजे इथे दोरी उचलते. रिलीज केल्यावर केबल वर परतते, दोरी सैल होते आणि स्प्रिंग लाँचरला खाली पाडते.

लिम्बच्या रेस्टमध्ये स्प्रिंग लाँचरला वर ढकलत असते. धनुष्य न ओढलेलं असताना लिम्बला बांधलेली दोरी ताठ असते आणि तीच लाँचरला खाली रोखून धरते. ओढलं की लिम्ब वाकतो, दोरी सैल होते, लाँचर आपोआप वर येतो. बाण सोडला की लिम्ब झटक्यात मूळ जागी जातो आणि दोरीने लाँचरला खाली खेचतो.

हा फरक कागदावर लहान दिसतो, पण पुढचं सगळं त्यातून निघतं. केबलचा लाँचर ओढण्याच्या अगदी शेवटी उभा राहतो, म्हणून रिलीजनंतर अगदी सुरुवातीलाच पडू लागतो. बाणाला आधार थोडा काळ, पण व्हेनला मोकळीक भरपूर. लिम्बचा लाँचर ओढायला सुरुवात झाल्यावर लवकरच वर येतो, म्हणून बाण सोडल्यावर स्ट्रिंगच्या प्रवासाच्या शेवटच्या भागातच खाली जातो. आधार लांबवर, मोकळीक कमी. पण ती मोकळीक भरवशाची असते, कारण पाडण्याचं काम मंद स्प्रिंगवर सोपवलेलं नसून लिम्बच्या ताकदीवर आहे.

बाणाला आधार जास्त वेळ मिळणं चांगलं की वाईट, यावर जाणते तिरंदाजही एकमत नाहीत आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. कॅमची वेळ थोडी चुकली तर नॉक वरखाली होत पुढे येतो. अशा वेळी लांबवर मिळणारा आधार बाणाला सरळ ठेवतो. उलट ग्रिपवर हात पिळला जात असेल तर रायझर (धनुष्याचा मधला, न वाकणारा भाग) बाणाखाली वळतो, आणि लाँचर जितका जास्त वेळ बाणाला चिकटलेला तितका तो पीळ बाणात उतरतो. त्यामुळे हात स्थिर असलेल्या टार्गेट तिरंदाजाने लिम्बचा रेस्ट घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ग्रिप अजून बसत असलेल्याने आधी ग्रिपवर काम करावं. रेस्ट बदलून तो दोष झाकला जातो, जात नाही.

तिसरा प्रकार: वर अडकणारा

केबलच्या रेस्टमध्येच एक उपप्रकार आहे, क्यूएडी कंपनीच्या अल्ट्रारेस्टने तो सर्वत्र नेला. लाँचर अंगठ्याने वर करून अडकवून ठेवायचा. बाण वरून-खालून बंदिस्त राहतो, धनुष्य उलटं केलं तरी पडत नाही. बाण सुटताना केबल जोरात परतते तेव्हाच तो खाली पडतो. ओढलेलं धनुष्य सावकाश परत सोडलं तर लाँचर वरच राहतो, बाण जागेवरून हलत नाही.

साध्या केबलच्या रेस्टमध्ये परत सोडताना लाँचर खाली जातो आणि बाण शेल्फवर, म्हणजे रायझरमधल्या त्याच्या खालच्या कडेवर, टेकतो. लिम्बच्या रेस्टमध्येही तसंच. तिथे सुरुवातीपासूनच बाण खालच्या जागेवर, रेस्टच्या पिंजऱ्यात (बाणाला घेरणाऱ्या चौकटीत) पडून असतो आणि ओढताना वर उचलला जातो. उचलला जाताना तो रायझरला लागून टक्‌ असा आवाज येऊ शकतो. शेल्फवर आणि पिंजऱ्याच्या आतल्या कडांवर पातळ फेल्ट चिकटवला की तो जातो. फिल्ड आणि थ्रीडी प्रकारात, म्हणजे रानात चालत वेगवेगळ्या लक्ष्यांवर मारताना, जिथे ओढून पुन्हा परत सोडण्याची वेळ वारंवार येते, तिथे वर अडकणारा रेस्ट सोयीचा. पण त्यात खटके, लहान स्प्रिंगा आणि अडकवणारे दात जास्त, म्हणजे धूळ साचायला जागाही जास्त.

लिम्बवाल्यांत व्हेपर ट्रेलचा लिम्ब ड्रायव्हर जुना आणि साधा. हॅमस्कीच्या ट्रिनिटीसारखे काही रेस्ट दोन्ही पद्धतींनी बांधता येतात. कुठली पद्धत जमेल याची खात्री नसेल तर दोन्हीकडे चालणारा रेस्ट घेणं शहाणपणाचं.

रेस्ट हातात घेतल्यावर एक गोष्ट नक्की करा. लाँचर वर उभा करा, त्याच्या टोकाला दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. टोकाशी जाणवणारी ढिलाई प्रत्येक बाणात उतरणार आहे. बेअरिंगवर फिरणारा दांडा नुसत्या भोकात फिरणाऱ्या दांड्यापेक्षा कमी ढिला होतो आणि उशिरा झिजतो. पैसे वाचवायचे तर ते मायक्रो-अॅडजस्टमध्ये वाचवा, इथे नको. मायक्रो-अॅडजस्ट ट्यूनिंगच्या दोन दिवसांत कामाला येतो, दांडा रोज.

रायझरला कसा बसणार हेही आधी पाहा. बहुतेक धनुष्यांना ५/१६-२४ आट्यांचं बर्गर होल (रेस्ट बसवायचं भोक) असतं. एकाच बोल्टवर बसलेला रेस्ट त्याभोवती फिरू शकतो, म्हणून त्याला रायझरवर टेकणारी कड किंवा दुसरा स्क्रू आहे का ते बघा. नव्या काही रायझरना मागच्या बाजूला डोव्हटेलची खाच कापलेली असते. तिथे बसणारा रेस्ट फिरत नाही आणि काढून लावला तरी उंची टिकते. तुमच्या रायझरला ती खाच असेल तर तोच माउंट घ्या. डावखुऱ्यांसाठीचा रेस्ट वेगळा येतो, मागवताना ते विसरू नका.

दोरी आखूड केल्यावर काय होतं

सर्वांत जास्त घोळ होतो तो इथे. एका रेस्टवर शिकलेली गोष्ट दुसऱ्यावर वापरली की परिणाम नेमका उलटा येतो.

| | केबलचा रेस्ट | लिम्बचा रेस्ट |
|---|---|---|
| दोरी आखूड केली | लाँचर लवकर वर येतो, उशिरा पडतो | उशिरा वर येतो, लवकर पडतो |
| दोरी सैल केली | उशिरा वर येतो, लवकर पडतो. फारच सैल तर पूर्ण उभाच राहत नाही | लवकर वर येतो, उशिरा पडतो. फारच सैल तर पूर्ण खाली जात नाही |
| दोरी तुटली | लाँचर खालीच राहतो | लाँचर वरच राहतो |
| केबलला पीळ दिले किंवा उतरवले | टायमिंग पुन्हा लावावं लागतं | सहसा फरक पडत नाही |

तिसरी ओळ नीट वाचा. केबलची दोरी तुटली किंवा ती अडकवणारा क्लॅम्प (चिमटा) सरकला तर ओढल्यावर बाणाखाली आधारच नसतो. तसा बाण सोडणं धोक्याचं आहे, तो शेल्फवर किंवा हाताजवळ काहीही करू शकतो. लिम्बची दोरी तुटली तर लाँचर उभा राहतो आणि रेस्ट साध्या स्थिर रेस्टसारखा वागतो. व्हेन घासेल, बाणांचा गट पसरेल, पण स्पर्धेची उरलेली फेरी निभावते. केवळ या एका कारणासाठी लिम्बच्या रेस्टकडे वळणारे स्पर्धक पुष्कळ आहेत.

चौथी ओळ देखभालीची. नव्या स्ट्रिंग आणि केबल पहिल्या शंभर-दोनशे बाणांत थोड्या ताणल्या जातात. केबलच्या रेस्टचं टायमिंग त्यांच्याबरोबर सरकतं, लिम्बच्या रेस्टचं नाही. स्वतःकडे प्रेस (लिम्ब दाबून केबल सैल करणारं यंत्र) नसलेल्याला हा फरक वर्षभर जाणवतो.

बसवण्याआधी

रेस्टला हात लावण्याआधी कॅम तपासा. दोन कॅमच्या धनुष्यात दोन्ही ड्रॉ स्टॉप (ओढणं थांबवणारे खुंट) एकाच वेळी टेकले पाहिजेत. ते ड्रॉ बोर्डवरच (धनुष्य सावकाश ओढून धरणाऱ्या फळीवर) नीट दिसतं, हाताने ओढून आरशात पाहणं पुरेसं नाही. कॅमची चूक रेस्टने दुरुस्त करायला गेलात तर दोन्ही बिघडतील.

हाताशी हवं ते: बो स्क्वेअर (स्ट्रिंगवर लावायचा काटकोन), अॅलन कीचा संच, स्ट्रिंगवर आणि बाणावर अडकणाऱ्या दोन छोट्या लेव्हल, सर्व्हिंगचा (स्ट्रिंग-केबलभोवती गुंडाळायचा) धागा, लायटर, पांढरा पेंट पेन, निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव), आणि पायांना मारायची पावडर स्प्रे. ड्रॉ बोर्ड मिळाला तर कामाचा वेळ अर्ध्यावर येतो.

रेस्ट बसवून लाँचर वर उभा करा आणि बाण नॉक करा. बाजूने पाहिलं की बाणाच्या दांड्याचा मध्य बर्गर होलच्या मध्यावरून जायला हवा. स्क्वेअर लावून बाण स्ट्रिंगला ९० अंशांत, किंवा नॉक १.५ ते ३ मिमी वर. ड्रॉप-अवेसाठी ९० अंशांपासून सुरुवात करा. आधी नॉकची जागा पक्की करा, नंतरची उंचीची बारीक सुधारणा रेस्टने करा.

सेंटर शॉट म्हणजे रायझरच्या आतल्या बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंतचं अंतर. धनुष्याच्या पुस्तिकेत दिलेला आकडा घ्या. तो नसेल तर १३/१६ इंच म्हणजे २०.६ मिमीपासून सुरू करा. बहुतेक धनुष्यं शेवटी १९ ते २२ मिमीच्या मधे कुठेतरी स्थिरावतात. ट्यूनिंग करता करता तुम्ही या पट्ट्याच्या बरेच बाहेर गेलात, तर दोष रेस्टचा नाही. कॅम कललेला आहे, बाणाचा स्पाइन (कडकपणा) चुकलेला आहे किंवा ग्रिप पिळते आहे.

जाड-बारीक बाण बदलणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. इनडोअरसाठी ९.३ मिमीचा (वर्ल्ड आर्चरीची कमाल मर्यादा) आणि बाहेर ५.५ मिमीचा बाण वापरत असाल, तर ९० अंशांच्या व्ही आकाराच्या लाँचरमध्ये बाणाचा मध्य सुमारे २.७ मिमीने खाली येतो. त्रिज्येतला फरक १.९ मिमी, पण व्हीच्या उतारामुळे तो १.४१ पटींनी वाढतो. बाण बदलला आणि उंची तशीच ठेवली तर ताणलेल्या कागदातून बाण मारून पाहताना त्यावर पडणारा फाटा काहीच्या काही येईल. दोन्ही उंचींच्या खुणा रेस्टच्या पट्टीवर करून ठेवा.

टायमिंग: केबलचा रेस्ट

दोरी खाली सरकणाऱ्या केबलला बांधायची. कुठली ते ओळखायला ड्रॉ बोर्डवर सावकाश ओढा आणि रेस्टच्या उंचीवर दोन्ही केबलांना पेनने ठिपका द्या. जो ठिपका खाली जाईल ती केबल. ड्रॉ बोर्ड नसेल तर बाण लावून, टार्गेटसमोर उभं राहून ओढा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने पाहायला सांगा. रिकामं धनुष्य हाताने ओढू नका. चुकून सुटलं तर लिम्ब आणि कॅम दोन्ही जातात.

पहिल्यांदा दोरी तात्पुरत्या क्लॅम्पने अडकवा. लाँचर ड्रॉ स्टॉप टेकायच्या साधारण २५ ते ४० मिमी आधी पूर्ण उभा झाला पाहिजे. त्याआधी उभा होत असेल तर दोरी उरलेलं अंतर केबललाच ओढत राहते. केबल आत वाकते, कॅमची वेळ ढळते, शेवटचा टप्पा जड आणि स्पंजसारखा लागतो. शिवाय सोडताना लाँचर उशिरा पडतो. वर अडकणाऱ्या रेस्टमध्ये लाँचर खाली ठेवून ओढून पाहा. पूर्ण ताणावर तो नेमका उभा राहून अडकला की दोरी बरोबर.

जागा ठरली की पेनने खूण करा. क्लॅम्प कायमचा ठेवायचा असेल तर त्याच्या वर आणि खाली सर्व्हिंगच्या धाग्याचे दहा-बारा घट्ट वेढे द्या, म्हणजे तो सरकणार नाही. जास्त खात्रीचा मार्ग म्हणजे प्रेसमध्ये केबल सैल करून तिच्या तंतूंच्या मधून दोरी ओवणं. तंतू बरोबर निम्मे निम्मे विभागा, नाहीतर केबल एका बाजूला पीळ खाते. ओवल्यावर वरखाली सर्व्हिंग, गाठ, आणि टोक लायटरने वितळवून मण्यासारखं गोल. हा मणी गाठीपेक्षा मोठा असायला हवा. काळपट जळालेलं टोक ठिसूळ होतं आणि तिथूनच दोरी निसटते, म्हणून ज्योत लांब धरा.

टायमिंग: लिम्बचा रेस्ट

इथे प्रेस लागत नाही. दोरी लिम्बला बांधायची किंवा लिम्बवरच्या क्लॅम्पला. लिम्बच्या टोकाजवळ बांधली तर ओढताना दोरी जास्त सैल होते, लाँचर लवकर उभा होतो आणि सोडल्यावर शेवटपर्यंत टिकतो. रायझरच्या बाजूला आत सरकवली तर उलट. दोन फाटे असलेल्या लिम्बमध्ये दोरी फक्त आतल्या फाट्याला बांधा आणि ती कॅमच्या वाटेत येत नाही हे ड्रॉ बोर्डवर पाहा.

न ओढलेल्या स्थितीत लाँचर पूर्ण खाली आणि दोरी ताठ. ताठ म्हणजे बोटाने दाबल्यावर थोडी लवचीक, तारेसारखी ताणलेली नाही. आता ड्रॉ बोर्डवर सावकाश परत सोडत या आणि लाँचर कुठे खाली वळू लागतो ते पाहा. स्ट्रिंगच्या प्रवासाचा पहिला दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग तो उभा राहावा, उरलेल्यात पूर्ण खाली जावा. हा ठोकताळा आहे, नियम नाही. उंच व्हेन असतील तर आधार थोडा कमी करून मोकळीक वाढवा, म्हणजे दोरी १ ते २ मिमी आखूड करा. एका वेळी यापेक्षा जास्त नको.

दोरी फार ताठ ठेवली तर तिची झीज वाढते आणि रेस्टचा दांडा सतत ओढात राहतो. फार सैल ठेवली तर लाँचर शेवटचे २-३ मिमी खाली जातच नाही. हाताने तपासताना ते कळत नाही, कारण बोटाने तुम्ही तो पूर्ण दाबता. न दाबता पाहा.

व्हेन घासते का?

दांडा, व्हेन आणि लाँचरवर पावडर स्प्रेचा पातळ थर मारा आणि एक बाण सोडा. बाणाच्या दांड्यावर लाँचरची रेघ दिसेल, ती कुठे संपते ते पाहा. आधार कुठपर्यंत होता हे ती रेघ सांगते. व्हेनच्या पुढच्या टोकाला पावडर पुसलेली असेल तर लाँचर वेळेत पडलेला नाही. मागच्या कडेला किंवा व्हेनच्या वरच्या काठाला पुसलेली असेल तर तो पडून पुन्हा उसळला आहे. एकाच बाजूच्या व्हेनवर खूण असेल तर केबल तपासा, बऱ्याचदा दोष रेस्टचा नसून केबल गार्डचा (केबल बाणापासून बाजूला धरणाऱ्या भागाचा) असतो.

उसळी हा केबलच्या रेस्टचा जुना आजार. स्प्रिंग जोरात, खालचा थांबा कडक, की लाँचर आपटून परत वर येतो. थांब्यावरचं रबर झिजलं की हे सुरू होतं. नवं रबर, किंवा शेल्फवर एक थर जाड फेल्ट, यावर बहुतेक वेळा भागतं.

मोबाइलवर स्लो मोशन काढून पाहणारे बरेच आहेत. २४० फ्रेमच्या चित्रीकरणात दोन फ्रेममध्ये ४.२ मिलिसेकंद जातात, तेवढ्यात बाण पस्तीस सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. त्यात लाँचरची उसळी दिसू शकते, व्हेनचा स्पर्श दिसत नाही. स्पर्शासाठी पावडरच.

कागद, मग बिनव्हेनचा बाण

पावडर स्वच्छ आल्याशिवाय कागदाकडे जाऊ नका. कागदापासून दीड-दोन मीटरवर उभं राहा, कागदामागे थांबवणारं टार्गेट थोडं अंतर सोडून ठेवा.

उभा फाटा आधी सोडवा. नॉक वर फाडत असेल तर रेस्ट वर घ्या किंवा नॉक खाली. नॉक खाली फाडत असेल तर उलट. एका वेळी अर्धा मिमी. रेस्ट सरकवूनही उभा फाटा जसाच्या तसा राहिला तर थांबा, तो फाटा उंचीचा नाही, स्पर्शाचा आहे. पुन्हा पावडर.

आडव्या फाट्यात ग्रिप, कॅमचा कल, स्पाइन आणि सेंटर शॉट एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून केवळ कागदावरून दिशा ठरवू नका. १८ मीटरवर व्हेन असलेले तीन आणि बिनव्हेनचे दोन बाण मारा. बिनव्हेनचा बाण गटाच्या डावीकडे लागत असेल तर रेस्ट किंचित उजवीकडे, उजवीकडे लागत असेल तर डावीकडे. म्हणजे बिनव्हेनच्या बाणाला ज्या दिशेने गटाकडे यायचं आहे त्याच दिशेला. पाव ते अर्धा मिमी एका वेळी. दोन-तीन बदलांनंतरही अंतर कमी होत नसेल तर रेस्ट मूळ आकड्यावर परत आणा आणि ग्रिप व कॅम तपासा.

शेवटची पडताळणी लांबून. साइटच्या एकाच पिनने (नेमाच्या खुणेने) २० मीटरवर नेम धरा, मग त्याच बिंदूवर नेम ठेवून ३०, ४० मीटरपर्यंत मागे जात मारा. टार्गेट पुरेसं उंच हवं, कारण बाण खाली खाली लागत जातील. ते उभ्या रेषेत हवेत. मागे जाताना रेषा डावीकडे झुकत असेल तर रेस्ट उजवीकडे, आणि उलट. धनुष्याची लेव्हल प्रत्येक बाणाला मधोमध हवी, नाहीतर तिरक्या धनुष्यालाच तुम्ही ट्यून कराल.

तर कुठला घ्यायचा?

टार्गेट, स्थिर हात, स्वतःकडे प्रेस नाही: लिम्बचा. थ्रीडी किंवा फिल्ड, चालत जाणं, पुन्हा पुन्हा परत सोडणं: वर अडकणारा केबलचा, पण दोरी केबलमध्ये ओवून, नुसत्या क्लॅम्पवर नाही. उंच आणि पीळदार व्हेनचा हट्ट असेल तर साधा केबलचा रेस्ट सर्वांत जास्त मोकळीक देतो. स्ट्रिंग आणि केबल नव्याच बदलल्या असतील आणि रेस्ट केबलचा घ्यायचा असेल, तर आधी दोनशे बाण मारून होऊ द्या, मग टायमिंग पक्कं करा. तोवर क्लॅम्प पुरतो. अगदी हलक्या पाउंडाच्या धनुष्यावर, म्हणजे लहान मुलांच्या, केबलच्या रेस्टची स्प्रिंग ओढण्याच्या शेवटी जाणवते. त्यांना लिम्बचा किंवा ब्लेडच बरा.

सगळं जमलं की प्रत्येक स्क्रू एकेक करून काढा, निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब, पुन्हा घट्ट. सगळे एकदम काढू नका, जागा जाते. स्क्रू आणि रेस्टच्या बॉडीवरून एक सलग पांढरी रेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे लांबूनही कळतं. पहिल्या पन्नास बाणांनंतर दोरीची खूण पाहा, नवी दोरी तेवढ्यात गाठीत बसते आणि १-२ मिमी सरकते. किटमध्ये एका टोकाला मणी केलेला आणि मापावर खूण केलेला दोरीचा जादा तुकडा ठेवा. लिम्बच्या रेस्टला तो मैदानावर पाच मिनिटांत बसतो. केबलमध्ये ओवलेल्या दोरीला तिथे प्रेस मिळेलच असं नाही, म्हणून असा रेस्ट वापरणाऱ्यांनी तुकड्यासोबत एक क्लॅम्प आणि त्याला लागणारी अॅलन कीसुद्धा ठेवावी.